शेतातलं काम प्रभूसाठी कसं करायचं?
कापूस वेचायला निघताना कंबरेला फडकं बांधता बांधताच दोन वाक्यांची प्रार्थना करा, त्यासाठी वेगळा टाइम काढायची गरज नाही. येशूचा प्रेषित पौल स्वतः तंबू बनवायचा, म्हणजे हातानं केलेलं काम हलकं नाहीच! बायबलमधल्या कलस्सै ३:२३ मध्येपण तेच आहे, काम प्रभूसाठी म्हणून जीव लावून करा.

खरी परीक्षा मात्र वजनकाट्यावर होते बरं का. आमच्या जळगावकडे कापसावर पाणी मारून वजन वाढवायचा मोह कुणालाही होऊ शकतो, ते करूच नका, आणि शेत तुमचं असेल तर मजुरांसमोर काटा आधी शून्यावर आणून दाखवा मगच गाठोडं ठेवा. मजुरी त्याच संध्याकाळी द्या, लेवीय १९:१३ सांगतं की ती सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. आणि रविवारी तुम्ही चर्चला जाताय तर मजुरांनापण सुट्टी द्या.