जर्मन यजमानांकडे शनिवार-रविवार राहायला जाताना

जर्मनीत शिकायला जाणार असाल तर यजमानांसाठीची भेट गोव्यातूनच न्या. भाजलेले काजू सर्वांत सोयीचे, पाव किलोची सीलबंद पाकिटं घ्या. सुटे घेतले की हवा लागून मऊ पडतात. मात्र घरात कुणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, हे आधी मेसेज करून विचारा. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) आणि घरचं तूप बॅगेत नको: जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून युरोपीय संघात बाहेरून मांस-दूध आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात. फुलं न्यायची तर शनिवारीच घ्या, रविवारी बहुतेक दुकानं बंद. गाडीला उशीर होतोय? लगेच कळवा, जेवण खोळंबतं. आणि दारात बूट काढायचे का, ते विचारा.