जुन्या अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते कसं शोधायचं

फोंड्याला आमचा चार-पाच जणांचा वाचनाचा ग्रुप आहे, मागच्या रविवारी कोरियाच्या जेजू बेटावरून जाम वाद झाला म्हणून लिहितोय. १७०२ मध्ये राजा सुकजोंगने नेमलेला तिथला मोक्सा, म्हणजे बेटाचा मुख्य अधिकारी, यी ह्यॉन्ग-सांग, त्याने १२९ देवस्थानं जाळली, ५ बौद्ध मठ पाडले नि २८५ घाड्या-भगतांना शेतीला लावलं. का?

आधी आपला गोव्याचा चष्मा काढा. देवळं पाडली म्हटलं की पोर्तुगीजांमुळे मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आणावी लागली तेच आठवतं, साहजिक आहे, पण हा माणूस परका नव्हे, तिथल्याच राजाचा, कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेला. अर्थात बेट एकेकाळी थाम्ना नावाचं वेगळं राज्य होतं, हेही विसरू नका. नि ती स्थानं म्हणजे आपल्या राखणदारासारखीच, गावागणिक वेगळी.

मग त्याने स्वतः काय जपून ठेवलं ते बघा. किम नाम-गिलकडून त्याने आपल्या फिरतीची ४१ चित्रं काढून घेतली. एका चित्रात माणसं उत्तरेकडे, राजाच्या दिशेने वाकलीत नि लांबवर देवस्थानं जळतायत. जाळणं नि मुजरा एकाच कागदावर! मला तर हा कबुलीजबाबच वाटतो, बेटाचं तोंड राजाकडे वळवायचं होतं.

पण तिथेच थांबलात तर फसाल. याच माणसाने दरबाराला कळवलं की नवरे ॲबलोन, म्हणजे समुद्रातले शिंपले, काढायच्या नि बोटीवरच्या वेठीत अडकलेत, बायका वर्षभर नजराण्यासाठी बुड्या मारतायत. चित्रांतसुद्धा बुडी मारणाऱ्या बायका आहेत, नि राजाला पाठवायची संत्री निवडणारी माणसंही, म्हणजे कळवळा होता पण पेट्या भरणं काही थांबलं नव्हतं. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, एक खोडून दुसरं खरं करायला जाऊ नका.

बढतीसाठी केलं म्हणणारा एक असतोच. त्याला सांगा, १७०३ मध्येच याला पदावरून काढलं. पण निकालावरून हेतू सिद्ध होत नाही हं, रविवारी मी हेच विसरलो नि तोंडघशी पडलो.

शेवटी काय उरलं ते तपासा. देवस्थानं आजही आहेत, त्यांतल्याच चिल्मोरीदांग या देवस्थानातला वाऱ्याच्या देवीचा विधी २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. नि ते चित्र मोबाईलवर झूम करूनच बघा, ज्वाळा बारीक आहेत, पटकन दिसत नाहीत.