क्रूझवर निघताना: फोन लागणार नाही हे धरून घर आवरा

रेल्वेने किंवा गाडीने सुट्टीला गेलं की विसरलेलं काम फोनवरून उरकता येतं. बिल भरता येतं, सोसायटीच्या वॉचमनला बोलता येतं, बहिणीला 'जरा घरी जाऊन बघ ना' म्हणता येतं. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला निघालेली बोट किनाऱ्यापासून लांब गेली की ही सोय संपते. मोबाइलची रेंज जाते, ओटीपी येत नाही, यूपीआय चालत नाही. म्हणून क्रूझची तयारी वेगळी करावी लागते. तुम्हाला एकही फोन न करता घर चालेल, अशा बेताने ते सोडून जायचं.

बुकिंग करताना

मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. हंगामातही ज्यांना गाडी लागते, त्यांनी केबिन बोटीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर मागून घ्यावी. एसटीच्या शेवटच्या सीटवर दणके जास्त बसतात, तसंच बोटीच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. समुद्र दिसावा म्हणून वरची केबिन घ्यायचा मोह होतो. पण समुद्र डेकवरून हवा तेवढा दिसतो, झोप मात्र केबिनमध्येच लागायला हवी.

कागदपत्रं याच वेळी तपासा. देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटीलाही मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंसुद्धा. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतंय का ते बघा. लग्नानंतर आडनाव बदललं पण आधार जुन्याच नावावर, हा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. लक्षद्वीपला उतरायचं तर प्रवेश परवाना लागतो. तो बहुधा बोटीची कंपनी काढून देते, पण त्यासाठी कागद वेळेत पाठवायचं काम आपलं. सिंगापूरहून निघून तिथेच परतणारी क्रूझ असेल तर सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा, कारण बोटीने बाहेर पडून तुम्ही पुन्हा त्याच देशात शिरता. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी.

घरात कुणी गरोदर असेल तर पैसे भरण्याआधी विचारा. बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर बोटीवर घेत नाहीत. प्रवासविमाही घ्याच. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी लागते आणि ती कमी नसते.

आई-बाबा सोबत असतील तर

लक्षद्वीपला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होडीतून बेटावर नेतात. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते, त्यामुळे त्यात पाय टाकताना गुडघ्यांची परीक्षा असते. खलाशी पुढे हात करतो तेव्हा नुसती बोटं धरू नयेत. त्याचा हात मनगटाच्या वर पकडावा, त्यालाही आपला हात तसाच धरू द्यावा आणि होडी वर आली की पाऊल टाकावं. हे घरीच पायरीवर दोनदा करून बघा, म्हणजे ऐनवेळी घाबरायला होत नाही. वारा जास्त असला तर बेटावर उतरणं रद्दही होतं. हे आधीच सांगून ठेवा.

गाडी लागू नये म्हणून प्रोमेथाझिनची गोळी अनेकजण घेतात. ती निघण्याआधी घ्यायची असते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते. शिवाय काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. सोबत आलेपाकाच्या पाकीटबंद वड्या असू द्याव्यात. घरचे डबे, लाडू-चिवडा मात्र बहुतेक बोटींवर चालत नाहीत.

घर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे एक कागद. त्यावर लिहा: बोटीचं नाव, केबिनचा नंबर, कंपनीचा फोन नंबर, परतायची तारीख आणि वेळ, घरातला पाण्याचा मेन व्हॉल्व कुठे आहे, प्लंबरचा आणि गॅस एजन्सीचा नंबर. आणि शेवटी एक नाव: आपल्या गैरहजेरीत निर्णय कोण घेणार. गळती झाली, कुलूप तोडावं लागलं, तर शेजारच्या काकूंना 'विचारू कुणाला?' असा प्रश्न पडता कामा नये. भाऊ, मावशी, जुना मित्र, जो कुणी असेल त्याला खर्च करायची मुभा आधीच द्या. एक प्रत किल्लीसोबत काकूंकडे, एक त्या माणसाकडे. वृद्ध आई-वडील घरीच राहणार असतील तर त्यांना नीट समजावून सांगा की फोन लागत नाही म्हणजे काही बरंवाईट झालं असं नाही.

पाण्याचा मेन व्हॉल्व बंद करताना नळही एकेक फिरवून बघा. पाणी गेलेलं असताना कुणीतरी नळ उघडतं, पाणी आलं नाही म्हणून तसाच सोडतं, आणि मग टाकी भरली की खालच्या घरापर्यंत पाणी जातं. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद. गीझर, टीव्ही, वायफाय बंद. तीन-चार दिवसांची क्रूझ असेल तर फ्रिज चालू ठेवा. फक्त दूध, चिरलेली भाजी, भिजवलेली कडधान्यं संपवा. कचऱ्याचा डबा रिकामा करून धुऊन ठेवा.

तुळशीसाठी आणि बाकीच्या कुंड्यांसाठी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या कामी येतात. कुंड्यांपेक्षा थोड्या उंच स्टुलावर पाण्याची बादली ठेवायची. पट्टी पूर्ण ओली करून तिचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडायचं, दुसरं मातीत दोन बोटं खोल खुपसायचं. कोरडी पट्टी पाणी ओढायला वेळ लावते आणि फार रुंद पट्टी एका रात्रीत बादली रिकामी करते. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी लावून बघावी.

वीजबिल, ईएमआय, कार्डाचं बिल आधीच भरा. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगा, कारण दाराशी साठलेले पेपर घर रिकामं असल्याचं ओरडून सांगतात. डेकवरचे फोटो स्टेटसला टाकायचे तर परत आल्यावर.

बॅग

टर्मिनलवर मोठी बॅग तुमच्याकडून घेतात आणि ती केबिनला काही तासांनी पोचते. रोजची औषधं चिठ्ठीसकट, ओळखपत्रं, चार्जर, मुलांचे पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती, उदबत्ती बोटीवर चालत नाही. आगीची भीती समुद्रात सगळ्यात मोठी असते, त्यामुळे हुज्जत घालू नये. थोडी रोकड आणि चालू असलेलं कार्ड जवळ असू द्या.

निघायचा दिवस

बोट कुणासाठी थांबत नाही आणि चेक-इन ती सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मुंबई गाठावी. रविवारी लोकलने सीएसएमटीला यायचं तर मेगाब्लॉक बघून निघा.

बोटीवर चढल्यावर आधी सुरक्षा कवायत करा, जेवण मग. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा काँकॉर्डिया ही बोट इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. २०१५ पासून बोट सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत घेणं बंधनकारक आहे. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या जमायच्या जागी जायचं. ती जागा केबिनपासून एकदा चालत जाऊन बघा, मुलांनाही दाखवा.

मग किनारा दिसतोय तोवर घरी एक फोन करा आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर तो बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं भलं मोठं बिल येतं.