जहाजाभोवतीचं पाणी संगणकात बघायचंय? आधी वही काढा

माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडू देत नाही. सगळ्यांना नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उसळणारी निळी-पांढरी लाट स्क्रीनवर बघायची घाई असते. ती लाट चुकीच्या सिम्युलेशनमध्येही सुंदरच दिसते, म्हणून बरोबर काय यायला हवं हे आधी आपल्या हातात असलं पाहिजे.

सुरुवातीला स्वतःचं जहाज घेऊ नका. डीटीसी, म्हणजे डुइसबुर्ग टेस्ट केस, हे कंटेनर जहाज घ्या. जर्मनीतल्या डुइसबुर्ग-एसेन विद्यापीठाने ते अशा तपासणीसाठीच आखलंय. मूळ लांबी 355 मीटर, मॉडेल 1:59.4 या प्रमाणात, म्हणजे 5.976 मीटर. मॉडेल टाकीत ओढून मोजलेले आकडे सर्वांसाठी खुले आहेत, आणि ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरच्या ट्युटोरियलमध्ये ‘डीटीसीहल’ नावाने अख्खी केस, म्हणजे सिम्युलेशनच्या सगळ्या फाइली, तयार मिळते.

आता वही. मॉडेलचा वेग सेकंदाला 1.668 मीटर. मॉडेल आणि खऱ्या जहाजाच्या वेगांची सांगड घालणाऱ्या विल्यम फ्रूडच्या नियमाने त्याला 59.4 च्या वर्गमूळाने गुणा: सेकंदाला 12.86 मीटर, म्हणजे बरोब्बर 25 नॉट. इतक्या मोठ्या कंटेनर जहाजाला शोभणारा वेग, तेव्हा प्रमाण जुळलं. या वेगाला जहाजाबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी 2π गुणिले वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व, म्हणजे 1.78 मीटर. नाळेवर पाणी चढून चढून किती चढेल? वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व, म्हणजे 14 सेंटिमीटर. स्क्रीनवर एक फूट उंच लाट दिसली तर कुठेतरी घोळ आहे, हे आताच कळलं.

मग घर्षण. रेनॉल्ड्स क्रमांक, म्हणजे वेग गुणिले लांबी भागिले पाण्याची चिकटाई, सुमारे 91 लाख येतो. त्याच्या दहाच्या पायाच्या लॉगमधून 2 वजा करा, वर्ग करा आणि 0.075 ला त्याने भागा. हे 1957 चं आयटीटीसीचं, म्हणजे जहाजांच्या मॉडेल-टाक्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचं सूत्र. घर्षणाचा गुणांक येतो 0.00305. भिजलेलं क्षेत्रफळ 6.243 चौरस मीटर धरून बल होतं जवळपास 26.4 न्यूटन. टाकीत मोजलेला एकूण रोध आहे 31.83 न्यूटन. म्हणजे पाचातले चार भाग नुसतं घर्षण! लाट डोळ्यांना दिसते, पण आकडा ठरतो तो जहाजाच्या कातडीला चिकटून सरकणाऱ्या पाण्याच्या पातळ थरात. मेश, म्हणजे पाणी-हवेची छोट्या सेलमध्ये (घनांमध्ये) केलेली विभागणी, बनवताना हे डोक्यात पक्कं हवं.

त्या थरासाठी हिशोब असा: वॉल फंक्शन (भिंतीजवळचा वेग सूत्राने धरण्याची युक्ती) वापरताना वाय-प्लस, म्हणजे भिंतीपासूनचं एककविरहित अंतर, 50 च्या आसपास ठेवायचा, तर भिंतीलगतच्या सेलचा मध्य 0.8 मिलिमीटरवर येतो आणि सेलची जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर होते. लाटेसाठी लांबीच्या दिशेने तीनेक सेंटिमीटरचे सेल पुरतात, उभ्या दिशेने मात्र पाण्याच्या पातळीजवळ आणखी बारीक हवेत.

आता केस चालवा. ब्लॉकमेश मोठी चौकोनी टाकी बनवतो, स्नॅपीहेक्समेश त्यातून जहाजाचा आकार कोरतो, सेटफील्ड्स जहाजाच्या तळाच्या 0.244 मीटर वरपर्यंत पाणी भरतो. हा आकडा म्हणजे 14.5 मीटरचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडतं ती खोली) मॉडेलच्या प्रमाणात. स्वतःची आकृती आणाल तेव्हा ती मिलिमीटरमध्ये नाही ना, हे आधी बघा. समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, इंटरफोम; टर्ब्युलन्सला (प्रवाहातल्या खळबळीला) के-ओमेगा एसएसटी हे मॉडेल. वेळ 4000 पर्यंत जाते, पण ते खरे सेकंद नव्हेत. प्रत्येक सेल आपापल्या वेळेच्या पायरीने पुढे जात स्थिर उत्तराकडे सरकतो, तेव्हा मधल्या चित्रांची फिल्म करून ‘लाट अशी वाढते’ असं कुणाला सांगू नका. माझ्या आठ कोअरच्या मशीनवर मी ही केस रात्री लावते आणि सकाळी बघते.

सकाळी आधी बलाची फाइल उघडायची. केसमध्ये जहाजाचा अर्धाच भाग आहे, मधोमध सममितीचं प्रतल आहे. म्हणून तुम्हाला 15.9 न्यूटनच्या आसपास आकडा हवा. दाबाचं बल आणि घर्षणाचं बल वेगवेगळं लिहिलेलं असतं, ते वेगवेगळंच वाचा. घर्षण 13.2 न्यूटनच्या जवळपास आहे का? बेरीज जुळते पण वाटण्या जुळत नाहीत, असं असेल तर दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. शेवटच्या हजारेक पायऱ्यांत आकडा थोडा हेलकावतो, तिथली सरासरी घ्या.

यानंतर चित्रं दाखवणारं पॅराव्ह्यू उघडा, पण लाट बघू नका. जहाज खालून बघा आणि त्याच्या कातडीला पाण्याच्या अंशाचा, म्हणजे सेलमध्ये पाण्याचा हिस्सा किती त्याचा, रंग द्या. पाण्याखालचा सगळा भाग 1 असायला हवा. एका बोजड नाळेच्या बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू होडीवर) मला घर्षण वहीतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी आलं होतं. दोन दिवस मी टर्ब्युलन्सच्या सेटिंग उलटसुलट केल्या. शेवटी तळ खालून पाहिला, तर नाळेपासून मागपर्यंत फिक्या पट्ट्या ओढलेल्या, अंश 0.7, कुठे 0.6. खरी हवा तिथे नव्हतीच. नाळेपाशी पाणी आणि हवेची सीमा जाड सेलमध्ये पुसट झाली होती आणि तो पुसटपणा प्रवाहाबरोबर तळाखाली वाहत गेला होता. नाळेजवळ, पातळीच्या वरखाली, उभ्या दिशेने सेल निम्मे केले आणि वेळेची पायरी कमी केली. पट्ट्या गेल्या, घर्षण जागेवर आलं. बोजड नाळेला हे हमखास होतं, म्हणून खालून बघण्याची सवय मी मुलांना पहिल्याच केसवर लावते.

मग तीच केस आणखी दोन मेशवर चालवा, दर वेळी तिन्ही दिशांनी सेल 1.4 पट वाढवून. एकूण सेल जवळपास पावणेतीन पट होतात, तेव्हा मशीनचा विचार करूनच. तीन आकडे एका दिशेने सरकत एकमेकांच्या जवळ येत असतील तर मेशवर विश्वास ठेवता येतो. पहिला आकडाच प्रयोगाशी तंतोतंत जुळला म्हणून इथे थांबण्याचा मोह होतो, तो टाळा.

हलत्या जहाजाची केस ट्युटोरियलमध्ये आहे, पण ती नंतर. आधी हेच जहाज 1.335 मीटर वेगाने चालवा. वेगाच्या फाइलीत येणाऱ्या पाण्याचा वेग आणि बाहेर पडणाऱ्या टोकाचा सरासरी वेग, दोन्ही बदललेत ना, ते तपासा. वहीतला हिशोबही नव्याने मांडा: लाट आता 1.14 मीटरचीच आहे, जुने सेल तिला जाड पडतील. या वेगाला टाकीत मोजलेला रोध 20.34 न्यूटन आहे.