मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर: कोणता त्रास कधी होतो आणि तेव्हा काय करायचं

ऑपरेशननंतर सगळ्यांना धास्ती असते पहिल्या शौचाची, पण आधी अडते ती लघवी. कमरेतून दिलेली भूल, दुखण्यामुळे आवळून धरलेले स्नायू आणि सलाइनमधून गेलेलं जास्तीचं पाणी, या तिन्हींमुळे मूत्राशय भरूनही लघवी सुटत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना हा त्रास जास्त होतो. दुखण्याची गोळी वेळेवर घ्यावी, परवानगी मिळताच उठून उभं राहून प्रयत्न करावा. सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही तर नर्सला सांगावं; नळी घालून मूत्राशय रिकामं करतात. इथे संकोच महागात पडतो. फार ताणलं गेलेलं मूत्राशय पुढे काही दिवस नीट आकुंचन पावत नाही आणि नळी ठेवूनच घरी जावं लागतं.

मूळव्याधीचे कोंब (मोड) कापून काढण्याच्या ऑपरेशनमध्ये पहिला आठवडा सर्वांत दुखरा. जखमेइतकाच गुदद्वार आवळणाऱ्या आतल्या स्नायूचा पेटकाही दुखतो, म्हणून तो स्नायू सैल करणारं मलम अनेकदा लिहून देतात. त्यातलं नायट्रोग्लिसरीनचं असेल तर डोकं दुखू शकतं. ते बोटाने खोल घालायचं नाही, गुदद्वाराच्या कडेला पातळ थर पुरतो. गोळ्या दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळ लावून घ्याव्यात. मात्र पॅरासिटामॉल बऱ्याच मिश्र गोळ्यांतही असतं; सगळं मिळून प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, यकृताचा आजार असेल तर मर्यादा आणखी कमी. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी हमखास बद्धकोष्ठ होतं, तेव्हा त्यांच्यासोबत पहिल्या दिवसापासून रेचक हवंच.

पहिलं शौच साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतं. भीतीने ते दाबून ठेवलं की मळातलं पाणी शोषलं जातं, खडा घट्ट होतो, आणि मग जखम फाटते ती खड्यामुळे. जाण्याआधी अर्धा-पाऊण तास दुखण्याची गोळी घ्यावी. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्यावेत, तोंडाने श्वास सोडत राहावं. पाच मिनिटांत नाही झालं तर उठायचं, कुंथायचं नाही. नंतर कागदाने घासू नका, पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या.

मग टब बाथ. पसरट टबात नितंब बुडतील इतकं कोमट पाणी, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूने तपासा, कारण बधिर करणारं मलम लावलेल्या जागी चटका बसलेला कळत नाही. मीठ किंवा जंतुनाशक घालायची गरज नाही, उलट त्याने जखम चुरचुरते. उठताना आधार घ्या; कोमट पाण्यातून एकदम उठल्यावर भोवळ येते.

इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यासोबतच घ्यायचं. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत गोळा होऊन बसतं. एक फसवं लक्षण इथे सांगायला हवं. दोन-तीन दिवस शौच नाही, गुदद्वाराशी सतत दाब आणि थोडं थोडं पाण्यासारखं गळतंय. याला जुलाब समजून रेचक बंद केलं जातं. प्रत्यक्षात आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो. स्वतः बोट किंवा एनिमा न घालता डॉक्टरांकडे जावं.

रक्ताचे डाग, शौचाच्या वेळी चार थेंब, पिवळसर स्राव हे दोन-तीन आठवडे चालतं. घाबरायचं ते वेगळ्या रक्तस्रावाला. तो बहुधा ७ ते १४ दिवसांत येतो, नेमका बरं वाटू लागल्यावर: कोंबाच्या मुळाशी बांधलेला भाग गळून पडतो आणि खालची रक्तवाहिनी उघडी पडते. रक्त कधी कधी आतच साठतं. शौचाची घाई होते आणि नुसत्या गाठी पडतात. गाठी, तासाभरात भिजणारं पॅड, चक्कर किंवा घाम, यातलं काहीही असेल तर घडी घातलेलं कापड दाबून धरून आडवं व्हावं आणि थेट रुग्णालय गाठावं, स्वतः गाडी न चालवता. या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू करू नयेत.

जंतुसंसर्ग क्वचितच होतो. पण ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, कमी होण्याऐवजी वाढणारं दुखणं आणि लघवी अडणं एकत्र आलं तर सकाळची वाट पाहू नका. स्टेपलरच्या, म्हणजे आतलं अस्तर टाचण्यांनी जोडण्याच्या ऑपरेशनमध्ये दुखणं कमी असतं, कारण टाचण्या वेदना जाणवणाऱ्या कातडीत नव्हे, तिच्यापेक्षा वर आतल्या भागात बसतात. म्हणून जंतुसंसर्गाचा धोका तिथे नसतो असं नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी मळ पेन्सिलीसारखा बारीक येऊ लागला तर गुदद्वाराचा मार्ग आकसत असण्याची शक्यता असते. म्हणूनच रेचकांचा मारा करून कायम पातळ शौच ठेवणंही चूक: मऊ पण बांधलेला मळच मार्ग हळूहळू रुंद ठेवतो. लवकर लक्षात आलं तर तंतुमय आहार आणि डॉक्टरांनी मार्ग रुंदावून देण्यावर बहुतेकदा भागतं. वायू अडवता न येणं सुरुवातीला चालतं. दोन महिन्यांनंतरही राहिलं तर तपासून घ्यावं. कडेची सुजलेली कातडी पाहून कोंब परत आले म्हणू नका, ती सूज उतरायला सहा ते आठ आठवडे द्या.

बैठं काम एक ते दोन आठवड्यांनी, अंगमेहनतीचं तीन-चार आठवड्यांनी. मधे भोक असलेली उशी टाळलेली बरी, तिच्यावर बसून जखमेची जागा खाली लोंबते आणि सूज वाढते. साधी मऊ उशी घ्या. जखम पूर्ण भरल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर मूळव्याधच असेल असं धरून चालू नका, आतड्याची तपासणी करून घ्या.