चिलखत बनवायला शिकायचंय? मग क्लास शोधत बसू नका

शिवजयंतीच्या मिरवणुकीत किंवा एखाद्या म्युझियममध्ये चिलखत बघितलं आणि डोक्यात किडा शिरला की हे आपण स्वतः बनवायचं, असं बऱ्याच जणांचं होतं. मग नेटवर शोधायला लागलं की सगळं युरोपातल्या नाइट लोकांचं, लोखंडी पुतळ्यासारखं अंगभर पोलाद, त्यात गुडघ्याचे आणि बोटांचे हलणारे सांधे, आणि ते बघूनच निम्मे लोक गार पडतात. आपल्याकडे "चिलखत मेकिंग" नावाचा क्लास गल्लीत मिळेल अशी आशाही ठेवू नका. पण चिलखत म्हणजे काही एक कला नाही, तीन-चार वेगवेगळी कामं आहेत, तारेचं, पत्र्याचं, चामड्याचं आणि शिवणाचं, आणि ही कामं येणारी माणसं तुमच्याच गावात बसलेली आहेत. त्यांच्याकडून एकेक तुकडा शिकायचा आणि जोडायचा.

आधी नीट बघा

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्यात राजा दिनकर केळकर म्युझियम, हैदराबादला सालारजंग, यातलं जे जवळ असेल तिथे जा आणि शस्त्रांच्या दालनात निवांत वेळ काढा. नुसतं "वा!" करून पुढे जायचं नाही, कड्या किती जाड आहेत, पट्टा कुठे बांधलाय, पत्र्याची कड कशी वळवलीय हे वहीत उतरवा. जाणं जमत नसेल तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने 2017 पासून हजारो फोटो फुकट वापरायला खुले केलेत, त्यात भारतीय चिलखतंही आहेत, झूम करून बघता येतात.

एक गोष्ट तिथे लगेच लक्षात येईल. आपल्याकडचं चिलखत बहुतेक कड्यांचं, आणि पत्रा लावलाच तर मोजक्या जागी. प्रतापगडाच्या भेटीला, 10 नोव्हेंबर 1659 ला, महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्याला जिरेटोप घातला होता हे आपण शाळेतच वाचलंय. कपड्याखाली लपलं, अंगाबरोबर वाकलं, ते कड्यांचं होतं म्हणूनच. नवशिक्याला ही पद्धत फार सोयीची, कारण भट्टी लागत नाही, ऐरण लागत नाही, फ्लॅटमध्ये बसून करता येतं.

कड्यांपासून सुरुवात

हार्डवेअरच्या दुकानात जीआय तार (जस्ताचा थर दिलेली लोखंडी तार) मागा, 16 गेज म्हणजे साधारण 1.6 मिमी. सोबत 8 मिमीची लोखंडी सळई, दोन चपट्या पकडी (दाते नसलेल्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर टोकांना टेप गुंडाळा) आणि एक चांगला कटर. तार सळईवर एकाला एक चिकटून घट्ट गुंडाळायची, स्प्रिंग तयार होते, ती काढून एकेक वेढा कापायचा, झाल्या कड्या. एका मीटरला साधारण 33 कड्या निघतात, म्हणजे किलोभर तारेत दोन हजारच्या आसपास. अंगभर सदऱ्याला पंधरा-वीस हजार लागतात आणि वजन आठ-दहा किलोवर जातं, तेव्हा पहिल्या दिवशीच सदऱ्याचं स्वप्न बघू नका, आधी तळहाताएवढा तुकडा करा.

विणीला "चारात एक" म्हणूया, प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात. चार बंद कड्या एका उघड्या कडीत ओवायच्या, कडी बंद करायची आणि टेबलावर पसरायची, दोन वर दोन खाली. असे पाचाचे बरेच जुडगे करून ठेवा. मग एका जुडग्याच्या खालच्या दोन आणि दुसऱ्याच्या वरच्या दोन अशा चार कड्यांतून एक नवी कडी घातली की पट्टी वाढत जाते, पुढे पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. कडी उघडताना तोंड ताणून फाकवायचं नाही, बाजूला पिळायचं, एक टोक पुढे एक मागे, नाहीतर तिचा गोल बिघडतो आणि नीट मिटत नाही. एका ओळीतल्या सगळ्या कड्या एका दिशेला आणि शेजारच्या ओळीतल्या उलट दिशेला झुकलेल्या दिसल्या पाहिजेत, एखादी चुकली तर लगेच कळतं.

जुन्या खऱ्या चिलखतात मात्र कड्यांची तोंडं नुसती मिटवलेली नसायची, चपटी करून, भोक पाडून, बारीक रिव्हेट (ठोकून पक्का बसवलेला छोटा खिळा) मारलेली असायची, आणि बऱ्याच भारतीय नमुन्यांत एक ओळ रिव्हेटची तर एक ओळ अखंड कड्यांची असते. ते पुढचं काम. नुसत्या मिटवलेल्या कड्या नाटकाला, मिरवणुकीला, शोकेसला चालतात, अंगावर वार झेलायला नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

आणि हो, जीआय तार कधीही तापवू नका. तिच्यावर जस्ताचा थर असतो, धूर नाकात गेला की थंडी वाजून ताप येतो.

मग पत्रा

इथे गुरू लागतो. व्हिडिओ बघून हातोडा कुठे मारायचा हे कळतं, किती जोरात मारायचा ते कळत नाही. पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथले कारागीर तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात, म्हणजे हातोड्याचे एकसारखे ठोके देत पत्रा घट्ट आणि तकतकीत करणं. चिलखताचा पत्रा गुळगुळीत करायलाही हेच हात लागतात. दुसऱ्या गावात असाल तर भांडी ठोकणारे, लोहार, नाहीतर फॅब्रिकेशनवाले शोधा. कामाच्या गर्दीत जाऊन "काका, मला शिकवा ना" म्हणू नका, दुपारी कामं थंडावली की जा, स्वतःचा पत्रा घेऊन जा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि पहिल्या भेटीत नुसतं बघत बसा. नियमित शिकायची तयारी असेल तर आयटीआयला शीट मेटल वर्करचा ट्रेड असतो, तिथे मापं काढणं, कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं हे सगळं येतं.

पहिलं काम म्हणून माझ्या मते "चार आईना" घ्या. छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार पाट्या, पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या, हे कड्यांच्या चिलखतावर घालायचे. पाट्या जवळजवळ चौकोनी, किंचित वाकलेल्या, कुशीच्या दोघींना वर काखेसाठी अर्धगोल कापलेला. हलणारा सांधा एकही नाही! तरीही अंगावर चढवल्यावर असं रुबाबदार दिसतं की विचारू नका.

आधी जाड पुठ्ठ्याच्या पाट्या कापा, सुतळीने अंगावर बांधा, हात वर करून, खाली बसून, जिना चढून बघा. काखेत टोचलं तर पुठ्ठाच कापायचा, पत्रा महाग असतो. माप जमलं की 18 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत पोलादी) पत्रा, सुमारे 1.2 मिमी. 25 बाय 30 सेंमीची पाटी 700 ग्रॅमच्या आसपास भरते. पत्र्याच्या कात्रीने कापा, कडा कानसने इतक्या घासा की बोट फिरवलं तर टोचू नये. बाक द्यायला जाड पाइपावर ठेवून दाबा किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या रोलिंग मशीनमधून काढून घ्या. वाटीसारखा फुगवटा हवा असेल तर लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यावर पत्रा धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडून गोल गोल फिरत मध्याकडे यायचं. कानात बोळे, डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, यात आळस नको. आणि शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, सोसायटीत दुपारी दोन वाजता हे चालणार नाही.

पट्टे आणि आतलं अस्तर

हे सगळे विसरतात. चामड्याचे पट्टे, बकल, रिव्हेट यासाठी चपला शिवणाऱ्या कारागिराकडे जा, कोल्हापुरी चपलेचं काम करणारा मिळाला तर नशीबच. आणि आतून जाड शिवलेला अंगरखा हवाच, नाहीतर कड्या अंगाला घासून साल काढतात. घरात गोधडी शिवणारी आजी किंवा मावशी असेल तर तिच्याकडून धावदोरा शिका, कापडाचे थर घट्ट शिवलेला अंगरखा पूर्वी एकट्यानेही चिलखत म्हणून वापरत.

परदेशात असाल तर

अमेरिकेत 1966 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम ही मध्ययुग हौसेने पुन्हा जगणाऱ्यांची संस्था आहे, तिच्या शाखा बऱ्याच शहरांत आहेत आणि चिलखत बनवणारी मंडळी त्यात भरपूर, नवख्याला हाताशी धरून शिकवतात. इंग्लंडात असाल तर लीड्सच्या रॉयल आर्मरीज म्युझियममध्ये भारतातून नेलेलं हत्तीचं चिलखत आहे, 118 किलोचं, त्यातल्या पाट्या आणि कड्या कशा जोडल्यात ते जवळून बघा.

फक्त दिसायला हवं असेल तर

नाटक, गणपतीचा देखावा, कॉस्प्ले एवढंच असेल तर लोखंडाच्या नादी कशाला लागता, ईव्हीए फोम (हलका, स्पंजासारखा जाड शीट) कापून, हीट गनने वाकवून, कॉन्टॅक्ट गोंदाने चिकटवून चंदेरी रंग मारा, दोन वीकेंडमध्ये काम होतं. कोल्हापूर-पुण्यातल्या ड्रेपरीवाल्यांकडे जुने नमुने असतात, भाड्याने आणून मापं घेतली तरी चालतं.

पावसाळ्याआधी मात्र लोखंडी सगळं पुसून मशीन ऑइलचा हात फिरवा, कोकणात राहत असाल तर दर आठवड्याला. गंज चढलाच तर कड्यांचा तुकडा कोरड्या वाळूच्या पिशवीत घालून खूप हलवा, बराचसा निघतो, उरलेल्याला तारेचा ब्रश.