नदीकाठी मासे भाजताना या चुका टाळा

कृष्णेचं पाणी उतरून थंडी पडली की पलूस-मिरजेकडं मळीवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, मासे भाजायचे बेत ठरतात. ताजा मरळ नाहीतर कटला मिळूनही बेत फसतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा घाईचा असतो.

सगळ्यात मोठी चूक जाळावर मासा ठेवण्याची. जाळानं कातडं करपतं, काट्याजवळचं मांस कच्चं राहतं आणि वर काजळीचा वास बसतो. उसाचं पाचट भुरकन पेटतं, भुरकन विझतं, ते पेटवणापुरतं. इंगळ, म्हणजे निखारे, बाभळीचेच हवेत. लाकडं पेटल्यावर पाऊण तास तरी जाऊ द्या. इंगळांवर राखेची पांढरी साय धरली आणि वीतभर उंचीवर तळहात चार-पाच सेकंद सोसला, की मगच जाळी चढवा. अर्ध्या किलोच्या माशाला एका बाजूनं आठ-दहा मिनिटं लागतात. पाठीच्या काट्याजवळ सुरीचं टोक घालून बघा. मांस पांढरं होऊन काट्यापासून सुटत असेल तरच उतरवा. नदीचा मासा अर्धाकच्चा खाऊ नये.

कांदा-लसूण मसाला आधीच फासू नका, हे मी कळकळीनं सांगतो. त्यात कांदा, खोबरं, तीळ अगोदरच भाजलेले असतात; इंगळावर ते करपून कडू होतात. चिरांमध्ये मीठ, हळद, आलं-लसूण आणि लिंबू एवढंच भरा. मसाला तेलात कालवून बाजूला ठेवा आणि शेवटच्या दोन मिनिटांत कांद्याच्या पातीच्या जुडीनं वरून फिरवा. पात तेलात चुरचुरते, तो वास शेजारच्या रानापर्यंत जातो.

मासा जाळीला चिकटतो? जाळी आधी कडक तापवा, तेलात बुडवलेला अर्धा कांदा तिच्यावर घासा, आणि मासा आपणहून सुटेपर्यंत उलटू नका. तुटायची भीतीच असेल तर हळदीच्या पानात गुंडाळा. दिवाळीच्या सुमारास सांगली भागात ते हिरवंगार मिळतं. मातट वास येत असेल तर पोटातला काळा पापुद्रा खरवडून काढा आणि मासा पंधरा मिनिटं चिंचेच्या पाण्यात ठेवा.

आता चुलीचे दगड. पाण्यातले गोटे कधीही घेऊ नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की दगड फुटतो. आमच्या चुलत्यांनी एकदा असे तीन गोटे मांडले होते. अर्ध्या तासात एक फुटला आणि कपची माझ्या कानाजवळून गेली. तेव्हापासून आम्ही बांधावरचे सुके दगड नाहीतर विटा घेतो. वाळलेल्या उसापासून लांब बसा, वारा सुटला तर चूल पेटवूच नका.

निघताना इंगळांवर वाळू ओढू नका. वाळूखाली ते तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी येणाऱ्या पोराचा पाय पडतो. नदीचं पाणी ओतून काठीनं ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेला हात लावता येईल तेव्हाच उठा.